ध्रुव दिसला म्हणा

माह्या लग्नात मी ध्रुवतारा पाहायले नाही म्हटलं, असं रायपूरच्या मराठी घरांमध्ये अजून सांगतात. साफ खोटं! पाहायले मी कधीच नाही म्हटलं नव्हतं. जे दिसत नाही ते दिसलं म्हणणार नाही, एवढंच म्हटलं होतं. आता यात काय गुन्हा झाला, सांगा बरं?

पहिल्यापासून सांगते. कोणाचं डोकं फिरलं होतं ते तुमचं तुम्हीच ठरवा.

मी गंधाली. माह्ये बाबा शामराव, रेल्वेत गार्ड, मूळचे भंडाऱ्याकडचे. माह्यं सगळं बालपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली आणि पुण्याच्या एका संस्थेत ताऱ्यांवर संशोधन करायले माही निवड झाली. तारे जन्मतात कसे, जळतात कसे, म्हातारे होतात कसे, मरतात कसे, हे तिथं शोधून राहिले होते. त्यातला म्हातारपणाचा भाग माह्या वाट्याले येणार होता. जानेवारीत हजर व्हायचं होतं.

सौमित्रचं स्थळ आलं तेव्हा पहिल्याच बैठकीत मी हे सांगून टाकलं. चहा पण यायचा होता. सौमित्र बँकेत. पोट्टा भला, पण बोलायची वेळ आली का पंख्याकडे पाहणार. त्याचे वडील बाबाराव. पुरानी बस्तीत घर, लोखंडी सळयांचं दुकान, आणि दर तिसऱ्या वाक्याले "आम्ही भोसल्यांच्या काळापासून इथं." त्यांनी मान हलवली. "शिक पोरी, शिक. आमच्या घराचं नाव होईन." मी म्हटलं, चला, सुटलो.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी, सीमांतपूजनाले, सगळ्या पाहुण्यांसमोर हेच बाबाराव काय म्हणाले?

"सूनबाई पुण्याले जाणार नाहीत. नवं राज्य झालं, राजधानी आपल्या दारात आली. सारी दुनिया रायपुरात येऊन राहिली आणि आमच्या सुनेनं काहून बाहेर जावं? इथल्या कॉलेजात जागा निघून राहिल्या. मी शब्द टाकला आहे."

लोकांनी माना डोलावल्या. माह्या बाबांच्या हातात नवरदेवाचे पाय धुवायचा तांब्या होता, तो तसाच राहिला. माह्यं पित्त असं खवळलं म्हणता! पण आईनं माह्या दंडाले असा चिमटा घेतला का मी तोंड मिटलं. संध्याकाळी सौमित्रले गाठलं, तर तो म्हणाला, "शादी हो जाने दो, पापा को मैं समझा लूँगा."

"कधी समझाशीन? तुह्या नातवाच्या मुंजीत?"

तो पंख्याकडे पाहायले लागला. मी घरी आली. लग्न मोडायचं नव्हतं, खरं सांगते, सौमित्र मले आवडत होता. पण पुणंही सोडायचं नव्हतं. दोन्हीतलं एकही सोडणार नाही, असं ठरवूनच मी मेंदीचे हात घेऊन झोपली.

लग्न गोरज मुहूर्तावर, तेलीबांध्याच्या तलावाजवळच्या एका हॉलमध्ये. मार्गशीर्ष महिना, थंडी बरी पडली होती. अंतरपाट झाला, अक्षता झाल्या, होम झाला, सप्तपदी झाली. सौमित्रले आई नाही, म्हणून त्या बाजूचं सगळं त्याची सरला आत्या करून राहिली होती. पाहुण्यांचे डोळे जेवणाच्या टेबलांकडे लागले होते. मग हरिदास भटजी उठले आणि म्हणाले, "चला, ध्रुवदर्शन. दोन मिनिटाचं काम आहे."

आता हे हरिदास भटजी म्हणजे आमच्या इथल्या अर्ध्या मराठी लग्नांचे भटजी. मी त्यांना आठवडाभर आधी ध्रुवाच्या मंत्राचा अर्थ विचारला होता. ते खूश झाले, कोणी विचारतच नाही म्हणे. अर्थ असा, का नवरी ध्रुवाकडे पाहून म्हणते, तू अढळ आहेस, तशी मीही नवऱ्याच्या घरात अढळ राहीन. आदल्या दिवशीचं भाषण ऐकल्यावर हा अर्थ माह्या डोक्यात गरगर फिरून राहिला होता.

आमची गाठ बांधलेलीच होती. भटजींनी आम्हाले हॉलच्या उत्तरेकडच्या खिडकीत उभं केलं, पडदा सरकवला आणि बोट दाखवलं.

"तो पाहा ध्रुव. दिसला म्हणा."

मी पाहिलं. उत्तरेले उरला, सगळा कारखान्यांचा भाग. तिथल्या रोलिंग मिलांचा धूर आणि धूळ अशी बसली होती का आभाळाचा तो कोपरा नुसता तांबूस झाला होता. एक तारा दिसत असेल तर शपथ. आणि त्या धुरात, भटजींच्या बोटाच्या अगदी टोकावर, एक लाल दिवा लुकलुक करून राहिला होता.

"भटजी," मी म्हटलं, "तो मोबाईलच्या टॉवरचा दिवा आहे."

"काय म्हणता?"

"टॉवर. मोबाईलचा. यंदाच उभा झाला."

हरिदास भटजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बिचाऱ्यांचा चेहरा पाहून मलेच कसंतरी झालं. या हॉलमध्ये त्यांनी वर्षभरात जितक्या नवऱ्या उभ्या केल्या, तितक्या सगळ्यांनी त्या टॉवरले साक्षी ठेवून अढळ राहायचं कबूल केलं होतं! मागं उभी असलेली सरला आत्या एकदम म्हणाली, "अगं बाई, आमच्या निधीनं तर तिच्या लग्नात त्याले हात पण जोडले होते." आणि खसखस पिकली.

बाबाराव हसले नाहीत. "बरं, टॉवर तर टॉवर," ते म्हणाले, "ध्रुव त्याच्या मागं कुठंतरी असेलच. सूनबाई, दिसला म्हणा आणि मोकळ्या व्हा. लोकं उपाशी आहेत."

"नाही दिसत, तर दिसला काहून म्हणू?"

"सगळ्या म्हणतात."

"मी नाही म्हणणार."

आईनं चिमट्यासाठी हात पुढे केला, मी दंड सरकवला. बाबारावांच्या कपाळावर शीर उठली.

"कालचा राग काढून राहिली का तू?"

"हव," मी म्हटलं. लपवायचं काय त्यात? "राग तर आहेच. पण खोटंही बोलणार नाही. अढळ राहीन अशी शपथ घ्यायची, आणि ती टॉवरच्या दिव्याची? मले खरा ध्रुव दाखवा, मग बोलू."

"कुठून दिसते तुहा खरा ध्रुव?"

"तेलीबांध्याच्या पुढं. नव्या राजधानीची जागा म्हणतात ना, तिकडच्या शेतात. गावाचा धूर तिथं नाही."

बाबाराव हट्टी माणूस. मी हट्टी, तर ते माह्याहून हट्टी. त्यांनी खांद्यावरचं उपरणं कमरेले बांधलं. "चल मग. आत्ता चल. पण ऐकून घे, तारा दिसला का मंत्र म्हणायचा, आणि पुण्याचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. कबूल?"

"तारा दिसला तर दिसला म्हणीन," मी म्हटलं. "आणि तो काय आहे, तेही सांगीन. तुम्ही ते पूर्ण ऐकायचं. मग तुमच्या मनात येईन ते बोला. कबूल?"

"कबूल."

आणि इथं सौमित्रनं आयुष्यात पहिल्यांदा पंख्याकडे न पाहता काम केलं. कोणाच्या तरी स्कूटरची चावी मागितली, आणि मले म्हणाला, "बैठो."

शालू आवरत, गाठ सांभाळत मी मागं बसली. डोक्याले मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा, समोर शेरवानीतला नवरा. पाठीमागून बाबारावांची गाडी, तिच्यात बाबाराव, हरिदास भटजी आणि माह्ये बाबा. सरला आत्यानं पाहुण्यांना पंगतीले बसवून घेतलं, तिचे उपकार मी कधी विसरणार नाही. रस्त्यावरचे लोक थांबून पाहात होते. एक जण ओरडला, "भैया, दुल्हन भगा के ले जा रहे हो क्या?" सौमित्र म्हणाला, "नहीं भाई, पापा साथ में हैं." मी इतकी हसली का चुड्यातली एक बांगडी टिचली.

दिवे मागं पडले तसा रस्ता अंधारला. धान कापून झालेलं, बांधावर पेंढ्याचे ढीग. एका जागी स्कूटर थांबवली, मागं गाडीही थांबली. दिवे मालवायले लावले. थंडी अशी होती का शालूचं वजन पहिल्यांदाच बरं वाटलं. डोळे सरावले आणि मग वर पाहिलं.

काय सांगू! आभाळ गच्च भरलं होतं. हरिदास भटजी दोन्ही हात कमरेवर ठेवून नुसते वर पाहात राहिले.

"सप्तर्षी कुठं आहेत?" बाबारावांनी विचारलं. "त्यांच्यावरून ध्रुव काढतात, एवढं आम्हालेही माहीत आहे."

"ते आत्ता उगवलेलेच नाहीत. या दिवसांत पहाटे येतात. म्हणजे अरुंधतीही आत्ता दिसत नाही, भटजी." भटजींनी मान खाली घातली. "ते पाहा, ती पाच ताऱ्यांची वाकडीतिकडी ओळ. शर्मिष्ठा. तिच्यातून असं खाली या, त्या बाभळीच्या वरपर्यंत. एकटा आहे, आजूबाजूले कोणी नाही. तो."

"एवढासाच?" माह्ये बाबा म्हणाले.

"एवढासाच."

"मी तर पहिल्यांदाच पाहून राहिलो," हरिदास भटजी हळूच बोलले. आणि त्यांनी खरोखर हात जोडले.

बाबाराव पुढं झाले. "दिसला?"

"दिसला," मी म्हटलं.

"मग म्हण मंत्र."

"आधी माह्यं ऐकायचं ठरलं आहे."

ते बांधावर बसले. चांगलं सिल्कचं धोतर, पण बसले. मी त्यांच्यासमोर उभी राहून बोलायले लागली, आणि एकदा लागली का मले थांबवायले कोणी नसते.

"बाबा, हा तारा आधी नव्हता. नुसता वायू होता, थंड, अंधारात पसरलेला. तो आपल्याच वजनानं आत आत येत गेला, दाटला, तापला, आणि एक दिवस पेटला. सगळे तारे असेच जन्मतात, आपला सूर्यही. पोटात हायड्रोजन जळते तोवर ताऱ्याची जवानी. आता सूर्य लहान, तो पुरवून पुरवून जाळते, म्हणून त्याले भरपूर आयुष्य. हा ध्रुव मोठा. याच्याजवळ इंधन जास्त, पण खर्च त्याहून जास्त. सूर्याच्या मानानं हा कालचं पोर आहे, आणि तरी म्हातारा झाला. पोटातला हायड्रोजन संपला, अंग फुगलं. आता तो दर चार दिवसांनी थोडा फुगते, थोडा आकसते, श्वास घेतल्यासारखा. तुम्ही याले अढळ म्हणता, आणि याच्यात एक क्षण शांती नाही."

"आणि मग?"

"मग अंगावरची आवरणं सोडून देईन. मधात एक निखारा उरेन, तो हळूहळू थंड होईन. मरेन. आपण नाही पाहणार, पण मरेन. आणि याच्याहूनही जे फार मोठे असतात, ते मरताना फुटतात. त्यांच्या पोटात लोखंड तयार होते. लोखंड झालं का संपलं, त्याच्यापुढं जाळायले काहीच राहात नाही. मग सगळं बाहेर फेकलं जाते, आणि त्यातून नवे तारे होतात, पृथ्वी होते. उरल्याच्या मिलांतलं लोखंड, तुमच्या दुकानातल्या सळया, तुमच्या-माह्या रक्तातलं लोखंड, सगळं मेलेल्या ताऱ्यांचं."

बाबारावांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. "माह्या दुकानातलं?"

"हो. आणि आत्ता आपल्याले ध्रुवाचा जो उजेड दिसून राहिला, तो तुमच्या भोसल्यांच्याही आधी निघाला आहे."

माह्ये बाबा खोकले. म्हणजे आता पुरे, पोरी. पण मी मुद्द्यावर आली नव्हती.

"तर शपथ घ्यायची असेल तर मी या खऱ्या ध्रुवाची घेते. तो हलते, तो बदलते, आणि जळायचं काम एक क्षण सोडत नाही. मीही माह्यं काम सोडणार नाही. तुमची सून म्हणून जे करायचं ते सगळं करीन, मनापासून करीन. पण जानेवारीत मी पुण्याले जाणार, बाबा. तुम्ही हो म्हणा का नाही म्हणा. नाही म्हटलं तर मले वाईट वाटेन, फार वाईट वाटेन, पण मी जाणार."

सौमित्र माह्या बाजूले आला. गाठ होतीच, पण ती नसती तरी आला असता. "पापा, मैं भी ट्रांसफर माँगूँगा. पुणे में ब्रांच है हमारी." बोलला एकदाचा.

आणि बाबाराव उभे राहिले. मले वाटलं आता ओरडतील. ओरडलेच.

"तेच! तेच म्हणून राहिलो मी! तू गेली का हाही जाईन. मले काय माहीत नव्हतं? मग मी काय करू त्या घरात? सकाळी दुकान उघडू, संध्याकाळी बंद करू, आणि मग? भिंतींशी बोलू? कॉलेज आणि राजधानी, ते सगळं लोकांले सांगायले. मले एकट्याले राहायची भीती वाटते, पोरी. झालं? ऐकलं सगळ्यांनी?"

हरिदास भटजी दुसरीकडे पाहायले लागले. इतका मोठा माणूस, उपरणं कमरेले बांधलेलं, आणि एकट्या घराले भिऊन ओरडून राहिला होता. माह्या सगळ्या रागाचं पाणी झालं. मी तयारी करून आली होती ती हट्टी माणसाशी भांडायची. या माणसाशी कसं भांडायचं, ते मले येत नव्हतं.

"बाबा, तुम्हीही चला तिकडे."

"आणि दुकान? आणि घर? नाही. मी नाही हलत." ते माह्याजवळ आले. "एक विचारतो. खरं सांगजो. तुहं हे शिक्षण संपलं का तुम्ही दोघं परत याल? रायपूरले?"

सौमित्रनं माह्या हाताले हलकंच दाबलं. माह्या बाबांनी भटजींच्या मागून मान हलवली, हो म्हण, हो म्हण. भटजीही तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, ते "हो"च होतं. मलेही कळत होतं. एक अक्षर बोलली का सगळं मिटत होतं. पुणं मिळत होतं, नवरा मिळत होता, म्हाताऱ्या माणसाले रात्रीची झोप मिळत होती. आणि पाच-सहा वर्षांनी काय होईन ते कोणी पाहिलं?

मले हो म्हणावंसं वाटत होतं, देवाशपथ वाटत होतं.

"माहीत नाही, बाबा," मी म्हटलं. "काम कुठं मिळेन, तिथं जावं लागेन. येईन म्हणून सांगू शकत नाही."

सौमित्रचा हात सैल पडला. माह्ये बाबा मटकन गाडीच्या बॉनेटवर टेकले. आता संपलं, असंच मलेही वाटलं.

बाबारावांनी कमरेचं उपरणं सोडलं आणि नीट खांद्यावर घेतलं.

"याची आई," ते सौमित्रकडे न पाहता म्हणाले, "दवाखान्यात जाताना मले म्हणाली, आठ दिवसांत बरी होऊन येते. तिले माहीत होतं, येत नाही म्हणून. डॉक्टरलेही माहीत होतं. या पोट्ट्यालेही. सगळ्यांनी मले हो म्हटलं. मी घर पुसून घेतलं, तिच्या खोलीले रंग दिला. रंग वाळायच्या आधी ती गेली. मले कोणी सांगितलं असतं, तर मी तिच्याजवळ बसलो नसतो का? रंगाऱ्यामागं काहून फिरलो असतो?"

सौमित्र रडायले लागला. "पापा, मम्मी ने मना किया था."

"माहीत आहे रे." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मुंडावळ्यांसकट. मग माह्याकडे वळले. "तू खोटं हो म्हणाली नाही. बरं केलं. आता मले कळलं, मी कशाची तयारी करायची ते. जानेवारीत मी स्वतः तुम्हाले गाडीत बसवून देतो."

मी त्यांच्या पाया पडायले वाकली आणि तिथंच बसली. लग्नात एक टिपूस काढलं नव्हतं मी, आईनं टोमणाही मारला होता. त्या शेतात, मातीत बसून, अशी हमसून हमसून रडली का शालूचा पदर ओला झाला. मले जायचं होतं. आणि त्यांना सोडून जायचं, ते आत्ता कुठं समजलं होतं.

बाबारावांनी दंडाले धरून मले उठवलं.

"रडू नको," ते म्हणाले. "जायचं आहे ना, मग रडत जाऊ नको."